नाकामागचं दार

मुलांनो, हा लेख वाचायला बसण्याआधी दोन वस्तू जवळ घ्या. एक छोटा आरसा आणि एक बॅटरी. आई-बाबांच्या मोबाइलची बॅटरी असली तरी चालेल. आणि हो, घरात कुणी पाहुणे नाहीत ना, तेही बघून घ्या. कारण आता आपल्याला वेडेवाकडे आवाज काढायचे आहेत.

आधी जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवा. आता ते हळूहळू मागे सरकवत न्या. सुरुवातीला थोडे खडबडीत उंचवटे लागतात, मग कडक, गुळगुळीत छत लागतं. अजून मागे जा. एकदम मऊ लागलं ना? बस्स, तिथेच थांबा. आणखी मागे गेलात तर उमासा येईल! तो कडक भाग म्हणजे कडक टाळू, त्याच्या आत हाड आहे. मऊ लागतो तो मऊ टाळू. त्यात हाड नाही, नुसते स्नायू. (डोक्यावर तेल थापतात ती टाळू वेगळी, हा तोंडातला टाळू वेगळा. आमच्या वर्गात एकाने हे ऐकून लगेच डोक्यावर हात ठेवला होता!)

आता आरशासमोर उभे राहा, तोंड मोठं उघडा, बॅटरी मारा आणि म्हणा, ‘आऽऽ’. मागे लोंबणारी पडजीभ दिसेल. ‘आ’ म्हणताक्षणी ती आणि तिच्या वरचा सगळा मऊ पडदा वर उचलला जातो. ‘आ’ थांबवलात, की पडदा खाली. डॉक्टर आपल्याला ‘आ कर’ म्हणतात ते घसा बघायला, हे तर खरंच. पण हा पडदा दोन्ही बाजूंनी सारखा उचलला जातो की नाही, हेही त्यांना त्यातून कळतं.

हा पडदा म्हणजे एक दार आहे. आपल्या घशातून हवा वर आली की तिला दोन वाटा असतात. एक तोंडाची, एक नाकाची. मऊ टाळू वर आणि मागे उचलून घशाच्या मागच्या भिंतीला टेकला, की नाकाची वाट बंद. खाली आला, की नाकाची वाट मोकळी. नुसता श्वास घेताना हे दार उघडंच असतं. पण बोलायला लागलो, की त्याची जी काही धांदल उडते, ती विचारू नका!

नाक चिमटीत धरा आणि म्हणा, ‘काका, पापा, बाबा’. काही अडलं का? नाही. आता नाक तसंच धरून म्हणा, ‘मामा, नाना’. काय झालं? ‘मामा’चा ‘बाबा’ व्हायला लागला की नाही? तसंच नाक धरून नुसतं ‘म्ऽऽऽ’ करून पाहा. क्षणभर आवाज येईल आणि बंद पडेल. कारण ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवेला नाकाचीच वाट असते. तीही तुम्ही चिमटीत धरलीत. मग बिचारी जाणार कुठे?

आता ‘ब’ आणि ‘म’ लागोपाठ म्हणा आणि ओठांकडे लक्ष द्या. दोन्ही वेळा ओठ अगदी सारखेच मिटतात. घशातला आवाजही दोन्हींत असतो. फरक एवढाच, की ‘ब’च्या वेळी दार बंद आणि ‘म’च्या वेळी उघडं. ‘द’ आणि ‘न’चंही तसंच. ‘ड’ आणि ‘ण’चंही.

मी डी.एड.ला असताना वर्णमालेचा तक्ता रंगवला होता. क, ख, ग, घ, ङ. च, छ, ज, झ, ञ. असे पाच-पाच अक्षरांचे पाच वर्ग. प्रत्येक वर्गातलं शेवटचं अक्षर अनुनासिक. कित्येक पिढ्या हा तक्ता घोकत आल्या. पण तो असाच का लावला, हे नाक धरून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक ओळीत जिभेची किंवा ओठांची जागा तीच आणि पाचव्या अक्षराला टाळूचं दार उघडायचं. ज्यांनी ही मांडणी केली त्यांच्याकडे ना क्ष-किरण होते, ना दुर्बिणी. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पाणिनीने अनुनासिक वर्ण कोणता हे सांगताना, तोंड आणि नाक दोन्हींतून जो उच्चारला जातो तो, अशी व्याख्या केली. नुसतं कान देऊन आणि स्वतःच्या तोंडात लक्ष ठेवून त्यांनी हे ओळखलं. मला तर हे फार मोठं वाटतं.

आता या दाराचा वेग बघा. ‘आंबा’ म्हणा. ‘आ’ला दार वर, ‘म्’ला खाली, ‘बा’ला पुन्हा वर. ‘आंबा’ म्हणायला आपल्याला अर्धा सेकंदही लागत नाही आणि तेवढ्यात हे सगळं होऊन जातं. त्यातही गंमत अशी, की ‘म्’ येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे ‘आ’ चालू असतानाच टाळू खाली यायला लागतो. बोलणाऱ्या माणसाच्या क्ष-किरणांच्या चित्रफिती काढून शास्त्रज्ञांनी हे पाहिलं आहे.

आमची शाळा आंबोली घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथे आम्ही याचा खेळच केला. मी एसटीच्या थांब्यांची नावं सांगायची आणि मुलांनी हाताचा पंजा टाळूसारखा वर-खाली करायचा. ‘मालवण’ म्हटलं की ‘मा’च्या सुरुवातीला पंजा खाली, मग वर, ‘ण’ला पुन्हा खाली. ‘कणकवली’त एकदाच खाली. ‘बांदा’ला कधी पंजा खाली करायचा यावर मोठं भांडण झालं. ‘बाई, ‘बांदा’त ‘न’ कुठे लिहिलाय?’ असं एकीने विचारलं. मग फळ्यावर ‘बान्दा’ लिहून दाखवलं. अनुस्वाराचं टिंब म्हणजे नेमकं काय, हे त्या दिवशी माझ्या वर्गाला जेवढं समजलं तेवढं वर्षभराच्या शुद्धलेखनाने समजलं नसतं.

पण हा खेळ मी सुरू केला तो शुद्धलेखनासाठी नव्हे. वर्गातल्या एका मुलीसाठी केला. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिच्याबद्दल लिहायला तिच्या आई-बाबांची परवानगी आहे आणि तिचीही आहे.

जून २०२४ मध्ये ती पहिलीत आली. चुणचुणीत. चित्रं सुंदर काढायची. पण बोलायची नाही. हजेरी घेताना नुसता हात वर करायची. बोललीच तर सगळे शब्द नाकातून यायचे. दोन-चार दिवसांतच मुलांनी तिला ‘गेंगाणी’ म्हणायला सुरुवात केली. ती ‘पाटी’ म्हणायची तर ऐकू यायचं ‘मानी’सारखं काहीतरी. ‘काका’ म्हणताना ती हवा घशातच अडवायची आणि नुसता एक धक्का ऐकू यायचा. मात्र ‘मामी’, ‘नाना’, ‘आई’ हे शब्द तिच्या तोंडून अगदी स्वच्छ येत. हे ध्यानात आल्यावर मी तिच्याशी मुद्दाम बोलायला लागले. माझ्या वहीत दोन रकाने केले. एकात तिला नीट येणारे शब्द, दुसऱ्यात न येणारे. पहिल्या रकान्यात सगळे म आणि न जमा झाले.

वडील शाळेत आले तेव्हा दाराशीच थांबून म्हणाले, “बाई, माझा चेडू माका मामा म्हणता.” आधी मला वाटलं, गमतीने सांगतायत. पण तुम्ही नाक धरून केलेला प्रयोग आठवा आणि तो उलटा करून पाहा. दार बंदच होत नसेल, तर ‘बाबा’तला ‘ब’ नाकातून निसटणार आणि त्याचा ‘म’ होणार. ती ‘बाबा’च म्हणत होती. सहा वर्षं म्हणत होती.

इथे एक गैरसमज सांगून टाकते, कारण तो मोठ्या माणसांतही असतो. सर्दी झाली की आपण म्हणतो, ‘नाकात बोलतोयस’. खरं तर तेव्हा आपण नाकात बोलूच शकत नाही! नाक चोंदलेलं असतं, म्हणून ‘मी नाही’चं ‘बी दाही’ होतं. या मुलीचं बरोबर उलट होतं. नको तेव्हा हवा नाकात जात होती. ‘तिला कायमची सर्दी आहे, काढा द्या’ असा सल्ला तिच्या आईला अनेकांनी दिला होता. त्याचा उपयोग कसा होणार?

आणि नाकात बोलणं म्हणजे वाईट, असंही नाही हं. आमच्या मालवणीत ‘खंय’, ‘थंय’ म्हणताना आम्ही सगळेच नाकातून स्वर काढतो. गोव्याच्या कोकणीत ‘हांव’ म्हणजे मी. तिथे दार हवं तेव्हा उघडतं आणि हवं तेव्हा मिटतं. भाषेचा गोडवाच आहे तो. अडचण येते ती दार मिटतच नसेल तर.

त्या पावसाळ्यात शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते. ज्या दोषांकडे त्यात लक्ष दिलं जातं, त्यांत दुभंगलेले ओठ आणि टाळूही आहेत. डॉक्टरांना मी वही दाखवली. त्यांनी तिला ‘आ’ करायला सांगून बॅटरी मारली, अंमळ जास्त वेळ पाहिलं आणि मलाही बोलावलं. तिच्या पडजिभेला दोन टोकं होती.

आपण आईच्या पोटात असताना टाळूचे दोन भाग डावी-उजवीकडून वाढत येतात आणि मध्यावर जुळतात. दप्तराची चेन लावावी तसे, पुढून मागे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत चेन पूर्ण लागते. सगळ्यात शेवटी जुळते ती पडजीभ. काही बाळांची चेन मध्येच अडते. ती जिथे थांबते, त्यावर किती भाग उघडा राहणार हे ठरतं. ओठ दुभंगलेला असेल तर जन्मताच दिसतो. टाळू मात्र आत असतो. आणि कधी कधी तर वरची कातडी जुळलेली असते, फक्त खालचे स्नायू जुळलेले नसतात. मग टाळू अखंड दिसतो, पण नीट उचलला जात नाही. या मुलीचं तेच होतं. म्हणूनच इतकी वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं. खूण फक्त एक होती. तान्ही असताना दूध नाकातून यायचं, ओढताही यायचं नाही. आजीने तिला बोंडल्याने दूध पाजून वाढवलं होतं.

(गिळताना हे दार मिटावंच लागतं, नाहीतर दूध वर जातं. दूध पिताना कुणी हसवलं की तुमच्याही नाकातून येतं ना? दार मिटायचं आणि हसायचं, या दोन कामांत टाळूचा गोंधळ उडतो!)

निदान झालं आणि घरी एक जुनंच भांडण उकरून निघालं. ३१ जानेवारी २०१८ च्या संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होतं. तेव्हा हिच्या आईला पाच महिने पूर्ण झाले होते. ऐन ग्रहणात तिने विळीवर भाजी चिरली, म्हणून पोरीची पडजीभ चिरली गेली, असं शेजारच्या बायका म्हणाल्या. ती माउली माझ्यासमोर बसून रडली. मी तिच्यापुढे वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. टाळूची चेन लागते तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. म्हणजे २०१७ च्या नोव्हेंबरातच त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ग्रहण आलं त्यानंतर दोन महिन्यांनी. मग विळीचा संबंध कुठे येतो? चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली. ती सावली चंद्रावर पडते, कुणाच्या टाळूवर नाही. असा दोष कधी घराण्यातून येतो, कधी गरोदरपणातली काही औषधं किंवा धूम्रपान यांचा त्यात वाटा असतो आणि पुष्कळदा अनेक कारणं एकत्र येतात. तिने तो कागद फाडून घडी करून कमरेला खोचला. सासूबाईंना दाखवला असणार, कारण पुढच्या वेळी शाळेत त्या स्वतः आल्या आणि त्यांनी मला टाळूबद्दल दहा प्रश्न विचारले. पालकांनो, जगात हजार जन्मांमागे साधारण एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असतो. ज्या देशांत ग्रहणात सर्रास भाजी चिरतात, तिथेही असतो.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तिला नेलं. जाताना घाटात कान बंद झाले म्हणून ती रडली. घाट चढताना आपलेही कान बंद होतात आणि आवंढा गिळला की ‘टक्’ करून मोकळे होतात, हो ना? कानापासून घशापर्यंत एक बारीक नळी असते. ती उघडण्याचं काम टाळूच्या स्नायूंपैकीच एकाचं. टाळूत पाच जोड्या स्नायू असतात आणि जोड्या मध्यावर जुळल्या नसतील तर हेही काम अडतं. कान तपासल्यावर एका कानात पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. तेव्हापासून ती पहिल्या बाकावर, माझ्या उजव्या हाताला बसते.

तिथे डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं. तिला ‘पापा, काका’ म्हणायला लावलं. वडिलांनी मला सगळं हाताने करून दाखवलं. “पडदो वर येता बाई, पण भिंतीक पावणा नाय.” किती नेमकं वर्णन! नीट टाळू गुडघ्यासारखा वाकून मागच्या भिंतीला टेकतो. हिचा थोडक्यासाठी पोहोचत नव्हता. त्या थोडक्यामुळे एक मुलगी हजेरीला हात वर करत होती.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. टाळू वर उचलणारे दोन स्नायू मध्यावर एकत्र येऊन झोळीसारखे टाळू उचलतात. हिचे ते पुढे हाडाच्या कडेला चिकटलेले होते. डॉक्टरांनी ते सोडवले, मागे वळवले आणि एकमेकांना जोडले. नंतर काही दिवस पातळ पेज आणि दूध. कुरमुरीत चकल्या डब्यात बघून तिला काय वाटलं असेल, विचार करा!

सगळ्यांना वाटलं, टाके निघाले की पोर घडाघडा बोलणार. तसं झालं नाही. दार दुरुस्त झालं, पण ते वापरायची सवय कुठे होती? ‘क’साठी घशात धक्का द्यायचा, हे तिने स्वतःच शोधून काढलेलं होतं आणि ते पक्कं झालं होतं. मग वाचा-उपचार करणाऱ्या ताई आल्या. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे आणि रोज पंधरा मिनिटं घरी. गावात कुणीतरी सांगितलं, फुगे फुगवून घ्या, शिट्ट्या वाजवा. ताईंनी हसून सांगितलं, फुगे वाढदिवसाला फुगवा. त्याने बोलणं सुधारत नाही. बोलणं सुधारतं ते बोलण्याच्याच सरावाने. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि ‘पा’ म्हणायचं. पट्टी हलली पाहिजे. आणि नाकाखाली आरसा धरायचा. त्यावर वाफ धरता कामा नये.

तो आरसा मी वर्गात आणला. तेव्हाच आमचा पंजाचा खेळ सुरू झाला. सगळ्यांनी आरसा नाकाखाली धरून ‘बाबा बाबा’ म्हणायचं, मग ‘मामा मामा’. (आमच्याकडच्या उकाड्यात आरशावर वाफ धरत नाही. गार पाण्यात बुडवून, पुसून घ्यावा लागतो.) पहिल्याच दिवशी एका मुलाने घाईत मध्येच श्वास सोडला आणि त्याच्या ‘बाबा’ला आरसा पांढरा झाला. तो घाबरून म्हणाला, “बाई, माझंपण दार मोडलं!” सगळा वर्ग हसला, तीही हसली. मग तिने फळ्यावर टाळूचं चित्र काढून त्याला समजावलं, की श्वास रोखून म्हणायचं असतं. ते चित्र माझ्या पुस्तकातल्या आकृतीपेक्षा चांगलं होतं. ‘गेंगाणी’ हा शब्द वर्गातून त्याच दिवशी गेला, असं म्हणणं खोटं ठरेल. तो हळूहळू कमी झाला. मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातली मुलं म्हणायची, तेव्हा आमच्यातलीच दोघं-तिघं त्यांना धरून आरशापुढे आणायची.

आधी ‘प’ आला. मग ‘ब’. त्या आठवड्यात वडील शाळेच्या कुंपणापाशी सायकल घेऊन उभे होते. तिने आतून हाक मारली आणि त्यांनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून! मग ‘त’ आणि ‘ट’ आले. ‘क’ला फार दिवस लागले, कारण आधी घशातला धक्का सोडायचा होता. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग याच मऊ टाळूला टेकतो, म्हणजे दार सांभाळायचं आणि जिभेलाही जागा द्यायची.

‘स’ अजून थोडा निसटतो. ‘स’ला हवा बारीक फटीतून जोरात लागते, जराशी नाकाकडे वळली तरी कळतं. ताईंनी सुट्टीत करायला शब्दांची यादी दिली आहे. ससा, सायकल, साखर, सकाळ. यादीच्या शेवटी तिने स्वतःच्या हाताने एक शब्द वाढवला आहे, ‘सावंतवाडी’. म्हणते, “बाई, यात मध्ये एकदा दार उघडायचं, मग पुन्हा मिटायचं. कठीण आहे. पण एसटीत कंडक्टरकाकांना तिकीट मीच सांगणार.”